पत्रकातलं पहिलं नाव

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, भर ग्रामसभेत शालूकाकूंवर अन्याय झाला. नव्या वस्तीतल्या हातपंपांच्या पाण्यात नायट्रेट जास्त आहे, असा अहवाल वाचला गेला आणि तालुक्याहून आलेल्या साहेबांनी कारणही सांगून टाकलं : "बायका पंपाजवळ भांडी घासतात, कपडे धुतात. सवयीच घाण." शालूकाकूंची चार महिन्यांची नात वरच्या दुधावर होती, आणि तान्ह्या बाळांना नायट्रेट सगळ्यात घातक. त्यातल्याच एका पंपाचं पाणी काकू दोन-दोनदा उकळून त्यात दुधाची पावडर कालवत. उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगणं ज्यांचं काम होतं, ते त्यांनाच घाणेरडं ठरवून जीपमध्ये बसून गेले.

त्या सभेत मागच्या ओळीत एक म्हातारा मांडीवर सब्बल आडवी ठेवून बसला होता. ते आमचे मुरूम मिस्त्री. ही लोखंडी पहार त्यांच्यापासून सुटत नसे. लग्नातसुद्धा ती मांडवाच्या खांबाला टेकवूनच ते पंगतीला बसत.

नव्या वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येक संडासाचा शोषखड्डा त्यांच्या हातचा. आमची काळी माती पावसाळ्यात फुगते, पाणी पीत नाही. इतर गवंड्यांचे खड्डे आषाढात तुंबत. मिस्त्री मात्र काळी माती फोडून थेट पाणी झिरपू देणाऱ्या मुरमापर्यंत जात. सब्बलीचा आवाज बदलला की खड्ड्यातूनच वर बघत आणि म्हणत, "लागला मुरूम. आता जलमभर उपसा नाही." त्यांचं काम पाहून नांदगाव खंडेश्वरपासून धामणगावपर्यंतची माणसं त्यांना न्यायला येत. "माया खड्डा भरला असं एक घर दाखव, मिशी काढतो," असं ते सांगत. मिशी शेवटपर्यंत शाबूत होती.

गावच्या प्रश्नांवर पत्रकं काढणारी मी, सभेनंतर याचंही पत्रक लिहिलं. संडासांचा ठेकेदार, पंचायत, साहेब, कोणाला सोडलं नाही. छापायला देण्याआधी मिस्त्री आमच्या ओसरीवर आले आणि म्हणाले, "वाच." मी वाचलं.

"सबन लिवले तुनं. मी कुठं हावो याच्यात?"

"तुम्ही कशाला, काका?"

"माया खड्डा भरत नाही ना?"

"नाही भरत."

"मंग ते पानी जाते कुठं?"

सगळ्या गावाने ज्या गोष्टीसाठी त्यांचं कौतुक केलं, तिच्याबद्दल हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मीही नाही. आणि मी तर स्वतःला प्रश्न विचारणारी समजत होते.

पुढचं कामही त्यांनीच ठरवलं. "हे लोक वावरातल्या युरियावर ढकलतीन. मंग वस्तीच्या वरच्या अंगाचं पानी घे, मधातलं घे, खालच्या अंगाचं घे. तिन्ही तपासाले दे." कुठला खड्डा कुठल्या पंपापासून किती पावलांवर, जमिनीचा उतार कुठे वळतो, हे त्यांच्या पायांना पाठ होतं. ते चालत पावलं मोजायचे, मी लिहायची. एका पंपापाशी ते मध्येच थांबले. "इतकंच अंतर?" म्हणाले, आणि परत जाऊन पुन्हा पहिल्यापासून मोजलं. आकडा तोच आला.

बाटल्या घेऊन आम्ही अमरावतीच्या एसटीत बसलो. कंडक्टर म्हणाला, "बाबा, हे हत्यार सीटखाली ठेवा."

"हत्यार नाही बाप्पा, आरोपी हाय."

अहवाल आला. वरच्या वावरातल्या विहिरीचं पाणी मर्यादेत. वस्तीतलं आणि तिच्या खालचं मर्यादेबाहेर. युरियाचा वाटा थोडाफार असेलही, पण वस्ती ओलांडताना पाणी बिघडत होतं, आणि वस्तीत होते मुरमापर्यंत गेलेले खड्डे, ज्यांतलं संडासाचं पाणी थेट जमिनीखालच्या पाण्यात उतरत होतं.

"आता मायं नाव लिव," मिस्त्री म्हणाले.

मी नाही म्हटलं. साठी उलटलेला कष्टाचा माणूस. त्याचं नाव छापलं तर ठेकेदार त्याच्याआड लपेल.

"कावून? गरिबाची चूक छापाच्या लायकीची नसते काय?"

मी त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. त्यांनी खोडायला लावलं. "हे कोनाले मालूम? मुरूम मिस्त्री लिव. आन् सबन्यात वर लिव." खाली ठेकेदार आला, त्याखाली पंपाचं अंतर न विचारता कामं मंजूर करणारे आले. मी आजवर पुष्कळ पत्रकं काढली. अभिमानाने घरात जपून ठेवलं ते हे एकच.

पुढच्या ग्रामसभेत तेच साहेब होते. मिस्त्री उभे राहिले. "खड्डे म्या खंदले. पंप कुठं हाय ते पाह्यलं नाही. बायाइचा काई दोष नाही." साहेब फाईल चाळू लागले. शालूकाकू तेवढ्या बोलल्या, "मिस्त्री, आता बुजवता का भाषनच देता?"

"उद्या येतो."

आले. पहिला खड्डा शालूकाकूंचाच. उपसून, तळ आणि भिंती सिमेंटने बंद केल्या. वर येणारं पाणी उथळ, लांबट चरात सोडलं, पंपापासून दूर, उताराच्या अंगाला. वर ते पाणी पिणारी केळी आणि कर्दळ लावली. "आधी खोल जात होतो, आता लांब जातो," असं म्हणत एकेक घर धरलं. ठेकेदाराने त्यांना बोलावणं बंद केलं. जोडीचे गवंडी चिडवत, "मिस्त्री केयीवाला झाला." ते म्हणत, "केयं पोटात तरी जाते."

या चैत्रात मिस्त्री गेले. वस्तीतली चार-सहा घरं राहिली होती, ती आता त्यांचा जावई करतो आहे. शालूकाकू वरच्या विहिरीचं पाणी भरतात. नात अंगणात कोंबड्यांमागे धावते. अहवालानंतर पिण्यासाठी बंद केलेले पंप अजून बंदच आहेत. दर तपासणीत नायट्रेट थोडं उतरतं, मर्यादेत अजून आलेलं नाही, कारण मुरमात गेलेलं लवकर परत येत नाही. साहेबांनी शालूकाकूंची माफी अजून मागितलेली नाही.

आता तुम्ही. तुमच्या घरामागचा खड्डा किती खोल आहे आणि प्यायच्या पाण्यापासून किती लांब, ते आज मोजा. पाणी तपासायला द्या आणि नायट्रेट तपासा असं लेखी मागा. आणि असा खड्डा तुम्ही खणला असेल, मंजूर केला असेल, त्याच्या कागदावर सही केली असेल, तर येत्या ग्रामसभेत बायकांकडे बोट दाखवण्याआधी उभे राहा आणि स्वतःचं नाव सांगा.