दुकानातला गडी

माझ्या बायकोलाही हे मी कधी सांगितलं नाही. आता तीही गेली. लपवायचं तरी कुणापासून? — तरी जीभ अडतेच. तुम्हाला सांगतो. मधे थांबलो तर थांबू द्या.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. कामशेतला आमचं तांदळाचं दुकान होतं, थोडी भातशेतीही होती. अब्बांचे गुडघे धरलेले, म्हणून सगळं मीच बघायचो. आई लवकर वारली. मला वाढवलं ते थोरल्या बहिणीनं, हमीदाआपानं. ती विधवा होऊन मुंबईहून परतली तीच खोकत. डॉक्टरांनी क्षय सांगितला. हवा चांगली म्हणून लोणावळ्यात तिच्यासाठी एक खोली घेतली. तिचं करायला डोंगरातल्या वाडीवरची सोनामावशी ठेवली. दर शुक्रवारी नमाजानंतर डबा घेऊन मी गाडीनं जायचो. बहिणीजवळ बसून येतो — घरात सगळ्यांना असंच वाटायचं.

भीती कधी शिरली? बहुतेक आपाच्या रुमालावर लाल डाग पाहिला, त्या दिवशी. तेव्हापासून माझंच अंग मला परकं झालं. पोती हलवताना कोंडा उडायचा, खोकला यायचा — की मी दुकानामागं उजेडात जाऊन थुंकी निरखायचो. गल्ल्यावर बसून स्वतःची नाडी बघायचो. कपाळाला हात लावावा तर ते गरमच लागायचं. हकीमसाहेबांनी छातीला कान लावला. म्हणाले, "कोंड्याचा खोकला आहे रे. जा, कामाला लाग." हायसं वाटलं — संध्याकाळपर्यंत. मग वाटायला लागलं, यांना ऐकू तरी नीट येतं का?

पुढच्या शुक्रवारी ओट्यापर्यंत गेलो. आतून खोकल्याची उबळ ऐकू आली आणि पाय उचलेना. श्वास रोखूनच डबा सोनामावशीच्या हातात दिला.

"भाऊ, आत या की. लय वाट बघती."

मी मानेनंच नको म्हटलं. आतून आपानं विचारलं, "मावशी, कोण आलंय?"

मी ओठांवर बोट ठेवलं. मावशी माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "दुकानातला गडी आलाय, डबा घिऊन."

त्यानंतर दर शुक्रवारी मी दुकानातला गडी होतो.

एवढंच असतं तर कुणाला तरी सांगून टाकलं असतं. लोक भित्रा म्हणाले असते, झालं. पण घरी अब्बा दाराशी बसलेले असायचे. "कशी आहे पोरगी?" काय सांगणार? — मी तिला पाहिलंच नव्हतं. म्हणालो, "सुधारतेय." मग ते वाढतच गेलं. खोकला उतरलाय. भाकरी खाते. आज हसली.

एकदा मावशीनं ओट्यावरच मला थांबवलं. "तिचं काय खरं न्हाई, भाऊ. बापाला आना."

आणि त्याच संध्याकाळी अब्बा म्हणाले, "मला एकदा ने तिच्याकडं. बैलगाडीत घालून स्टेशनवर ने, पुढचं मी बघतो." ते गेले असते तर आपानं आधी हेच विचारलं असतं — इस्माईल का येत नाही? मी म्हणालो, "भात घरात आलं की जाऊ. तोवर ती आणखी सावरेल."

कळतंय ना तुम्हाला? मला माहीत होतं. माहीत असून मी भाताचं नाव पुढं केलं.

भात खाचरात उभं होतं तेव्हाच आपा गेली.

तिला घरी आणलं. मावशी सोबत आली होती. माणसं जमली, तेव्हा अब्बांनी सगळ्यांदेखत माझा हात धरला. "मला पांगळ्याला जाता आलं नाही," ते म्हणाले, "पण यानं बहिणीचं केलं." मावशीनं माझ्याकडं पाहिलं. मग आत बायकांत जाऊन बसली.

क्षय मला कधीच झाला नाही. अब्बा पुढं बरीच वर्षं जगले. येणाऱ्याजाणाऱ्याला हेच सांगायचे, की माझ्या मुलानं बहिणीचं केलं. मी शेजारी बसून ऐकायचो. एकदाही त्यांना थांबवलं नाही.