डॅशबोर्डवरची वहिनीची अक्षरं

ही गोष्ट सांगायचं मी कित्येक वर्षं टाळत आलो. घरात गाडीचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठतो. थिनर सांडलं आणि वहिनीची अक्षरं जराशी पुसट झाली, म्हणून मी ती गिरवली, एवढंच मी बायकोलाही सांगितलेलं आहे. ते खरं नाही. आता वयानं माझेच हात थरथरायला लागले आहेत, तेव्हा लिहून टाकतो.

माझा थोरला भाऊ भिलाईच्या प्लांटमध्ये फोरमन होता. वर्ध्याकडच्या आमच्या गावातून त्यानंच मला इकडे आणलं, ड्रॉइंग ऑफिसात चिकटवलं, आणि माझं लग्न होईपर्यंत वहिनीनं मला जेवू घातलं. दादाकडे गोल बोनेटची एक जुनी गाडी होती. तिचा डॅशबोर्ड पत्र्याचा, आणि प्रत्येक बटणाखाली कंपनीनं छापलेली बारीक इंग्रजी अक्षरं. वहिनीला गाडी शिकायची फार हौस, पण शाळा गावातली, मराठी. चालवता चालवता इंग्रजी वाचणं तिला जमेना. मग एका दुपारी तिनं पांढरा ऑइलपेंट आणि काडेपेटीची काडी घेतली आणि बटणांखाली आपली नावं लिहून टाकली. दिव्यांच्या बटणाखाली 'उजेड', वायपरच्या खाली 'पुसणं', आणि थंडीत गाडी सुरू व्हावी म्हणून जो चोक ओढावा लागतो, त्याच्याखाली 'जाग'.

"अक्षर आहे का कोंबडीचे पाय?" दादा म्हणाला.

"गाडी चालून राहिली ना? मग अक्षर काय चाटाचं आहे?" वहिनी म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "भाऊजी, तुमच्या हापिसातून एक पट्टी आणून द्या यायले. माह्या अक्षरायले सरळ करत बसतीन."

आम्ही तिघंही हसलो. दादा पुढे जन्मभर तिला त्या अक्षरांवरून चिडवत राहिला. मी कधी काही बोललो नाही, पण मला ती अक्षरं खुपायची. माझं अक्षर ड्रॉइंग ऑफिसात नावाजलेलं होतं.

वहिनी गेली आणि गाडी नेहरू नगरच्या घराच्या अंगणात नुसती उभी राहिली. बऱ्याच काळानंतर दादाच्या मनात आलं, गाडी पुन्हा पहिल्यासारखी करायची. इंजिन आणि बाहेरचा रंग खुर्सीपारच्या गॅरेजनं केला. डॅशबोर्ड काढून त्यानं माझ्या जुनवानीच्या घरी आणून ठेवला. कंपनीची अक्षरं जागोजागी उडाली होती, ती मी हातानं पुन्हा काढायची होती. त्याच सुमारास दादाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, नागपूरला, मुलीकडे.

निघताना तो म्हणाला, "इंग्रजी अक्षरं नवीन कर. तिच्या अक्षरायले मात्र हात लावू नको. डोळा झाला की मले पहिले तेच पाहाचे आहेत. आता तं नुसतं धुकं दिसते."

"मले कावून सांगतो दादा? जन्म गेला माहा यातच."

आमच्या ऑफिसात एक रीत होती. काहीही पुसायच्या आधी त्याच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून नक्कल घ्यायची. इंग्रजी अक्षरांची मी घेतली. वहिनीच्या अक्षरांची घेतली नाही. त्यांना हातच लावायचा नव्हता.

काम छान चाललं होतं. दिव्याच्या बटणाजवळचं इंग्रजी अक्षर साफ करताना थिनरचा बोळा खाली घसरला आणि 'उजेड'मधला उ फरपटला. तेवढी चूक हाताची. पुढची माझी. शेजारच्या माझ्या ताज्या अक्षरांपुढे वहिनीची अक्षरं मला एकदम बेढब दिसायला लागली. वाटलं, सगळीच नव्यानं, जराशी सरळ काढून देऊ. दादाला बरं वाटेल. मी बोळा पुन्हा भिजवला आणि तिन्ही शब्द पुसले. पत्र्यावरचा कंपनीचा रंग भट्टीत भाजलेला, तो हलला नाही. वहिनीचा ऑइलपेंट तेवढा कापसावर उतरून आला. पत्रा कोरा झाल्यावर मला कळलं, मी काय केलं ते.

घरातले सगळे फोटो पाहिले. गाडीसमोर उभी असलेली वहिनी होती, डॅशबोर्ड एकातही नव्हता. दादाच्या घराची किल्ली माझ्याकडे होती. तिथे स्वयंपाकघरातल्या डब्यांवर तिनं त्याच पेंटनं नावं घातली होती. उडीद, जवस, गूळ, पोहे, धणे. चोरासारखा ओट्याशी उभा राहून मी त्यांच्या नकला उतरवल्या. उडीदचा उ, जवसचा ज, गूळचा ग. घरी येऊन जोडल्या, तर शब्द होईना. डबे वेगवेगळ्या वर्षी रंगवलेले. ज तरुणपणचा, ग शेवटच्या आजारपणातला.

मग लक्षात आलं की ती वरची रेघ आधी ओढायची आणि अक्षरं मागून टांगायची, दोरीवर कपडे घालावेत तशी. मीही तसंच केलं. पण माझा हात आपोआप सरळ व्हायचा. मुद्दाम वाकडं काढलं तर ते नक्कल केलेलं दिसायचं, तिची टिंगल केल्यासारखं. डाव्या हातानं काढून पाहिलं. काढायचं, पुसायचं. जेवण जाईना. बायकोला वाटलं, मला दादाच्या डोळ्याची काळजी आहे.

नागपूरहून दादाचा फोन आला. "डोळ्याची पट्टी निघाली. तुह्यं झालं का?"

"होऊन राहिलं," मी म्हणालो.

शेवटी जे जमलं ते तसंच ठेवलं. बरंचसं तिच्यासारखं, पण नीटस. डॅशबोर्ड गाडीत बसवला.

दादा आला तो सरळ गाडीत जाऊन बसला. काळा चष्मा काढला. मी खिडकीशी उभा होतो. तो एकेका शब्दावर थांबत होता. आता ओळखेल, आता शिव्या देईल, असं वाटत होतं. खरं सांगायचं तर त्यानं ओळखावं असंच वाटत होतं. त्यानं 'जाग'वर अंगठा ठेवला.

"किती सरळ अक्षर होतं बे तिचं," तो म्हणाला. "मले कधी दिसलंच नाही. कोंबडीचे पाय म्हणत राहिलो जन्मभर."

तो उतरून घरात गेला. मी मागोमाग गेलो तर तो वहिनीच्या फोटोसमोर हात जोडून उभा होता. "चुकलं माहं," तो तिला म्हणत होता. "उगाच चिडवलं तुले."

त्यानंतर येईल त्याला तो गाडीत बसवायचा आणि दाखवायचा. पाहा, आमच्या घरचीचं अक्षर. मी दर वेळी ठरवून जायचो. सांगितलं तर ती अक्षरं दुसऱ्यांदा पुसली जातील, असं म्हणून परत यायचो. ती पळवाट होती. मला भीती होती ती पुन्हा त्याला तोंड दाखवायची. शेवटी तो आयसीयूत होता तेव्हाही मी वाक्य पाठ करून गेलो होतो. तो जागा होता. त्यानं विचारलं, "गाडी झाकली का?" मी म्हणालो, "झाकली." आणि बाहेर आलो.

ते वाक्य अजून पाठ आहे. दादा, ते अक्षरं मी पुसले, आणि तू पाहिले ते माहे होते. वहिनीचं अक्षर वाकडंच होतं. तू बरोबर चिडवत होता. तिची माफी तुले मागाची नव्हती, तुही माफी मले मागाची होती.