अर्थ लागत नाही

नंदुरबारला मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात मेकॅनिक होतो, तेव्हाची ही हकीकत. साल साठ-बासष्टच्या सुमाराचं. आजवर ती मी कोणाला धड सांगितलेली नाही. एकदोनदा सांगायला बसलो, पण दर वेळी माझी बाजू थोडी सावरून सांगितली. आता या वयात सावरून मिळवायचं तरी काय?

आमच्या भागात तेव्हा जाण्यायेण्याला एकच मार्ग होता. समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून प्रत्येक स्टेशनात एक यंत्र असे आणि ते पुढच्या स्टेशनातल्या यंत्राशी तारेनं जोडलेलं असे. पलीकडच्या मास्तरनं विजेचा इशारा दिला की अलीकडच्या यंत्रातून एक लोखंडी गोळा बाहेर पडे. तो हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नसे. यंत्र अडलं की फोनवर विचारून, कागदावर परवाने लिहून गाड्या सोडाव्या लागत. त्यात सगळ्यांचा खोळंबा व्हायचा आणि शिव्या मेकॅनिक खायचा. आमचे एक मास्तर म्हणायचे, गोळा हातात आला नाही की पोटात येतो.

खरं तर यंत्रं क्वचितच बिघडत. हे उघडून बघावं तर ठणठणीत, पलीकडचं उघडावं तर तेही ठणठणीत, आणि दोघांचं एकमेकांशी जमत मात्र नाही. बिघाड असायचा मधल्या जोडणीत. वीज खांबांवरच्या तारेतून जायची आणि जमिनीतून परत यायची. त्यासाठी प्रत्येक स्टेशनामागं एक लोखंडी नळी पुरलेली असे आणि यंत्रातून निघालेली तार तिला आवळलेली असे. या सगळ्याला आम्ही इंग्रजीवरून ‘अर्थ’ म्हणायचो. अर्थची तार, अर्थचा खड्डा. उन्हाळ्यात माती वाळली की वीज परतायची नाही, म्हणून रोज दोन घागरी पाणी अर्थला घालायचं, असा नियम होता.

नंदुरबारच्या शेजारच्या एका लहान स्टेशनावर हे पाणी घालणारा खलाशी, म्हणजे खात्यातला हरकाम्या मजूर, माझ्या हाताखाली होता. वयानं माझ्या वडिलांएवढा. मी त्याला अरे-तुरे करायचो. खात्यात तशी रीतच होती आणि मला ती आवडायचीही. तो मला साहेब म्हणायचा. मी साहेब नव्हतो, पण त्याला कधी दुरुस्त केलं नाही.

एकदा पुण्याकडचे इन्स्पेक्टर माझ्या शेजारी बसलेले असताना त्याचा फोन आला. ‘साहेब, भुईनी तार ढिली व्हयी जायेल शे,’ तो म्हणाला. त्याचा आवाज मोठा, फोनबाहेर ऐकू आला. इन्स्पेक्टर हसले. म्हणाले, ‘ही कुठली भाषा? तुम्हाला कळते का?’

मी म्हसावदच्या बाजूचा. माझ्या आईला अहिराणीखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. मी म्हणालो, ‘थोडीफार.’ आणि फोनमध्ये त्या माणसावर ओरडलो, ‘नीट मराठीत बोल. हा रेल्वेचा फोन आहे, गावचा पार नाही.’

त्यानंतर तो माझ्याशी मराठीतच बोलू लागला. शब्द जुळवत, अडखळत बोलायचा. पूर्वी दहा गोष्टी सांगायचा, आता दोनच सांगायचा. मला वाटलं, माणसाला वळण लागलं.

त्या मे महिन्यात एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला त्या स्टेशनाकडचं यंत्र मुकं झालं. मी माझ्या बाजूनं सगळं तपासलं. बॅटरी ठीक, घंटी ठीक, वीज दाखवणारी सुई मात्र हलत नव्हती. तार तुटली तरी असंच होतं आणि अर्थ सुटला तरी असंच होतं; एका टोकाला बसून कळत नाही. फोनची तार वेगळी होती, म्हणून मी त्याला फोनवर बोलावलं आणि सांगितलं, तार कुठं तुटली ते बघ, नंदुरबारच्या दिशेनं खांब खांब बघत ये.

तो मग म्हणाला, ‘साहेब, अर्थ लागत नाही.’

मी म्हणालो, ‘अर्थ लागायला काय आहे त्यात? सरळ सांगतोय. खांब बघत चालायचं.’

‘होय साहेब. पण अर्थ लागत नाही. काय करू?’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तासाभरापासून तीन मास्तर माझ्या नावानं ओरडत होते, आणि हा म्हणतो, तुमच्या बोलण्याचा अर्थ लागत नाही. मी म्हणालो, ‘तुला अर्थ लागायची गरज नाही. सांगितलं तेवढं कर. नाल्याच्या पुलापर्यंत जा आणि परत ये.’ ‘होय साहेब,’ असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

दुपारी तीनच्या सुमाराला एका मालगाडीच्या गार्डच्या डब्यात बसून मी त्या स्टेशनावर उतरलो. त्या गाडीलाही मास्तरनं कागदी परवान्यावरच घेतलं होतं. खलाशी कुठं आहे, विचारलं. मास्तर म्हणाले, ‘तुम्हीच ना पाठवलंत? बाराला गेला, अजून आला नाही.’ मी वाटेत डब्याच्या सावलीच्या बाजूला बसलो होतो, विडी ओढत. लाइनीकडं नजरही टाकली नव्हती. कुठं तरी झाडाखाली पसरला असेल, असं मी म्हणालो. मास्तरांना हसू आलं नाही.

यंत्र उघडलं. ठणठणीत. मग मी स्टेशनामागं अर्थच्या खड्ड्याकडं गेलो.

नळीभोवतीची माती ओली होती, म्हणजे त्यानं सकाळचं पाणी घातलं होतं. नळीचं तोंड पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केलेलं होतं. तार गंजून नळीशी तुटली होती. तिचं टोकही घासून ठेवलेलं होतं. पण ती आता आखूड पडत होती, नळीपर्यंत पोहोचत नव्हती. लागत नव्हती. शेजारी पक्कड आणि नव्या तारेचा एक तुकडा फडक्यावर मांडून ठेवलेला होता. मला विचारल्याशिवाय जोडणीला हात लावायचा नाही, हा माझाच हुकूम होता. त्यानं विचारलं होतं.

मी तो तुकडा लावला. दोन मिनिटं लागली असतील. आत यंत्राची घंटी वाजली आणि मास्तर खिडकीतून म्हणाले, ‘वा, आलात आणि झालं.’

दोन गँगमन घेऊन मी ढकलायच्या ट्रॉलीवरून निघालो. पुलाच्या अलीकडं तो खांबाला टेकून बसलेला दिसला. परतीच्या वाटेवर होता, म्हणजे पुलापर्यंत जाऊन आला होता. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि घाम अजिबात नव्हता. आम्ही त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं, ओठांना लावलं. त्यानं मला ओळखलं असावं. ‘समदा खांबा देखात, साहेब,’ तो म्हणाला. ‘तार कोठेच तुटेल नही.’

मी म्हणालो, ‘ठाऊक आहे.’ ट्रॉली स्टेशनात पोहोचायच्या आत तो गेला.

खात्यात चौकशी झाली, पण ती यंत्राची झाली. अहवाल मीच लिहिला. ‘अर्थची तार गंजून तुटल्याचे तपासणीत आढळले.’ कोणाच्या तपासणीत, ते लिहिलं नाही. इन्स्पेक्टरांनी वाचून मान डोलावली. माणसाबद्दल एका ओळीत आलं, की ड्यूटीवर असताना ऊन लागून मृत्यू. ती ओळ खोटी नव्हती, म्हणून तर मला ती लिहिता आली. स्वतःची शिसारी येणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

दहाव्याच्या आधी मी त्याच्या घरी गेलो. स्टेशनापासून थोड्या अंतरावरचं गाव. त्याची बायको ओट्यावर बसली होती, आणखी दोन बाया जवळ होत्या. मी मराठीत काहीबाही बोललो, चांगला माणूस होता वगैरे. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘साहेब, त्यासना कामम्हा काही चूक व्हयेल व्हती का?’

तिला तेवढंच जाणून घ्यायचं होतं. एवढ्या उन्हात पाठवलं म्हणजे काही शिक्षा होती का, हे तिच्या मनात घोळत असणार. मला मराठीत उत्तर देववेना. ‘नही, माय,’ मी म्हणालो. ‘त्यासनी काहीच चूक नव्हती. चूक मन्ही व्हती.’

चुकीचं तिनं ऐकलं की नाही, कोण जाणे. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. ‘तुमले आपली बोली येस?’

मी माझ्या गावाचं नाव सांगितलं. ते तिला माहीत होतं. तिची धाकटी बहीण त्याच गावात दिलेली होती. शेजारच्या बाईनं मला पाणी आणून दिलं. त्याच्या बायकोनं पदर सारखा केला आणि सांगू लागली, की रोज संध्याकाळी तो शाळेच्या मास्तरकडं जाऊन बसायचा, उद्या फोनवर काय बोलायचं ते मराठीत विचारून घ्यायचा, येताना रस्त्यानं घोकत यायचा. साहेबले आपली बोली समजस नही, असं म्हणायचा.

‘मंग तुमी त्यासले सांगं का बरं नही?’ तिनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच ते कळत नव्हतं.