धुरपताचा खांदा आणि रुख्मिणीचा घडा

रोहण्यात लग्न ठरलं की मंडपवाल्याच्या आधी धुरपताला निरोप जायचा. उपड्या मातीच्या घड्यावर लांब पोळी टाकावी तर तिनेच. सैल भिजवलेली कणीक ती या हातावरून त्या हातावर झेलत राहायची. बघता बघता पोळी रुमालासारखी पातळ होऊन कोपरापर्यंत लोंबायची आणि एका झटक्यात तापल्या घड्यावर जाऊन बसायची. पोरीबाळी कामं सोडून बघत राहायच्या, आणि खरं सांगायचं तर धुरपता त्या बघण्यावरच जगायची.

धाकटी जाऊ रुख्मिणी तिच्याच हाताखाली तयार झाली. शिकवलं धुरपताने आणि शिकवून पस्तावलीही तीच, कारण रुख्मिणीची पोळी फाटेना. पण २००२ च्या उन्हाळ्यात रुख्मिणी आपणहून मागे सरली. "बाई, तुमच्यापुढं माहा हात काय चालते!" म्हणाली. धुरपताला हे वाक्य वर्षभर पुरलं.

पुढच्या वर्षी धुरपताचाच उजवा खांदा धरला. वेणी घालायला हात वर जाईना, त्या कुशीवर झोपवेना. नवऱ्याने, नत्थूने, तिला वर्ध्याच्या डॉक्टरांना दाखवलं. हात उचलणारा स्नायू खांद्यापाशी झिजलाय, अजून तुटला नाही, असं ते म्हणाले. रोज भिंतीवर बोटांनी हात वर चढवायचा, चार महिने घडा बंद. बहुधा ऑपरेशन लागणार नाही.

चार महिने म्हणजे ऐन लग्नसराई. त्यातच चुलत पुतण्याचं, अश्वजितचं लग्न. म्हणजे घड्यापुढे रुख्मिणी! धुरपताच्या अंगाचा तिळपापड झाला.

"त्या रुख्मिणीले घडा देऊन मी भिंत चढत बसू?" ती नत्थूवर खेकसली.

"डॉक्टरनं सांगतलं ना."

"डॉक्टरले काय मालूम थे रुख्मिणी कशी हाय!"

तिने आर्वीत दुसऱ्या डॉक्टरकडून खांद्यात इंजेक्शन घेतलं. "दुखणं थांबेल, झीज नाही. हाताला झटके देऊ नका," असं त्याने बजावलं होतं. धुरपताने फक्त पहिले दोन शब्द ऐकले.

लग्नात हात हलका फूल झाला होता. पोळ्या टाकता टाकता ती मधूनच रुख्मिणीकडे बघायची, जळतेय का म्हणून. रुख्मिणी खाली मान घालून कणीक मळत होती. तेवढ्यात एक पोळी झटकताना धुरपताच्या खांद्यात काहीतरी ताडकन सुटलं. पोळी राखेत पडली, हात लुळा झाला.

रुख्मिणीने तिला धरून बाजूला बसवलं, पदर खोचला आणि घड्यापुढे उभी राहिली. पोळीमागून पोळी उतरू लागली, एकही फाटली नाही. पोरीबाळी आता तिच्याकडे बघत होत्या. धुरपताला खांद्याहून तेच जास्त दुखलं.

झिजलेला स्नायू तुटला होता; शेवटी ऑपरेशन झालंच. एवढं करून डॉक्टरांनी पुढे सांगितला तो भिंतीचाच व्यायाम, आणि आता चार महिन्यांवर भागणार नव्हतं. वेणी घालायला रोज रुख्मिणी यायची. जिच्यावर जळावं तिच्याच पुढ्यात केस सोडून बसायचं, याचा धुरपताला फार संताप यायचा.

एक दिवस रुख्मिणी म्हणाली, "बाई, भिंत सोडू नका. कंटाळा येते, पन गुण येते."

"तुले काय मालूम?"

"मी मागं सरली ना, त्या उन्हाळ्यात माहाबी खांदा धरला होता. वर्ध्याच्या त्याच डॉक्टरनं घडा बंद केलता. घरी दार लावून भिंत चढली मी."

धुरपता गर्रकन वळली. "मंग सांगतलं काऊन नाई?"

रुख्मिणीच्या हातातली फणी थांबली. "तुमाले सांगतलं असतं, तर घडा मले पुन्हा भेटला असता?"

नसता भेटला, हे धुरपतालाच ठाऊक होतं. वर्षभर उराशी धरलेलं ते गोड वाक्य क्षणात कडू झालं. तिने भिंतीकडे बघितलं.

"तुहा हात कुठवर पोचला होता?" तिने विचारलं.

रुख्मिणीने उठून कोनाड्याच्या वर बोट टेकवलं.

धुरपता अर्धी वेणी तशीच सोडून उठली आणि भिंतीपाशी जाऊन बोटं टेकवली. बोटं जेमतेम छातीपर्यंत चढली. डोळ्यांत पाणी आलं, तरी तिने मान वळवली नाही.

"मी तुह्याहून उंच हाय," ती म्हणाली.