रविवारी रेवा खेळली नाही

हे मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, साताऱ्याच्या बहिणीशी तासतासभर फोनवर बोलते तिच्याजवळ नाही, आणि जिच्याबद्दल आहे तिच्याजवळ तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा पोटात ठेवून ठेवून आता मलाच वीट आलाय.

मी डॉक्टर आहे. डब्लिनला, टॅलामध्ये राहते, इमर्जन्सीत काम करते. तोंडाने फटकळ — हे मीच सांगितलेलं बरं. नवरा मंदार रिंगास्किडीला औषधांच्या प्लांटमध्ये इंजिनिअर. आठवडाभर तिकडे कॉर्कला, शुक्रवारी संध्याकाळी घरी. आणि आमची एकुलती एक रेवा, तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर पक्क्या डब्लिनी इंग्रजीत. कशी आहेस विचारलं की ‘ग्रँड’. अंगात ताप असला तरी ग्रँडच.

शाळेत असताना तिला रग्बी खेळायचं होतं. मी नाही म्हटलं. डोकी फुटून आलेली पोरं मी रोज बघते, माझ्या घरात ती थेरं नकोत, असं म्हणून विषय संपवला. म्हणजे मला वाटलं की संपला.

तर तो शनिवार. बापलेक दोघं सकाळीच जवळच्या मेनूथला गेले होते. त्या काळात बऱ्याच शनिवार-रविवारी जायचे. रेवाचा मैत्रिणीकडे ग्रुप स्टडी, आणि मंदार तिला सोडून तिथेच कुठेतरी लॅपटॉप उघडून बसणार. माझी बहुतेक वेळा ड्यूटी असायची, पण पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी डब्यात भरून दिल्याशिवाय मी घराबाहेर पडायचे नाही. भाजी जरा जास्तच दे गं, मंदार म्हणायचा, अभ्यासाने भूक लागते. गाडीला घामाचा भपकारा यायचा, तर म्हणे जिमची बॅग आहे. ठेवला मी विश्वास. का नाही ठेवणार?

संध्याकाळी परत आले ते चेहरे पाडूनच. मी चहा टाकत होते. मंदार खुर्चीत बसला, उठला, पुन्हा बसला, आणि मग एकदाचं बोलला. मेनूथ वगैरे काही नव्हतंच. रेवा दोन वर्षं कॉलेजच्या आइस हॉकी टीममध्ये गोलकीपर होती. आपल्या बाजूला बारमाही बर्फाचं रिंक नाही, म्हणून सराव काय, मॅच काय, सगळं सीमेपलीकडे, उत्तर आयर्लंडमध्ये, बेलफास्टला. आणि गाडी चालवायला तिचा बाबा.

या वीकएंडला बेलफास्टच्याच एका कॉलेजशी दोन मॅच होत्या. ती टीम म्हणजे यांचं जुनं वैर. शनिवारची मॅच रेवाच्या टीमने मारली होती. रविवारची जिंकली की पहिल्यांदाच त्यांच्या नाकावर टिच्चून वर्षाचा चषक यांचा. बाकीची टीम तिकडेच मुक्कामाला राहिली होती. हे दोघं मात्र नेहमी रात्रीच्या आत घरी, मला कळू नये म्हणून. त्या दिवशी शेवटी शेवटी कुणीतरी रेवावर येऊन आदळलं आणि ती गोलच्या खांबाला धडकली. हेल्मेट होतं. तिला काही वाटत नव्हतं, तिथल्या फर्स्ट एडवाल्यालाही तसं काही वाटलं नव्हतं. पण कोच म्हणाला, डॉक्टरने तपासून ठीक म्हटल्याशिवाय उद्या उभी करणार नाही.

‘घरातच डॉक्टर आहे म्हटलं,’ मंदार म्हणाला.

आता कळलं, मला का सांगितलं ते? सांगावंसं वाटलं म्हणून नाही. दोन वर्षांत एकदाही आईला बोलवावं, दाखवावं असं वाटलं नाही. डॉक्टर लागला, तेव्हा आई आठवली. आणि मंदार सांगत सुटला — मनावरचं ओझं उतरल्यासारखा — की टीमला माझी बटाट्याची भाजी फार आवडते, सगळे तिची वाट बघतात. माझी भाजी बेलफास्टला जात होती! सगळी टीम मला ओळखत होती, आणि मी इथे पोळ्या लाटत, पोर किती अभ्यास करते म्हणून बहिणीला कौतुकाने सांगत होते. तळपायाची आग मस्तकात गेली. पण रागापेक्षाही — खरं सांगू? रडू येत होतं. त्या दोघांचं एक अख्खं घर होतं, गाडीत, रस्त्यात, त्या थंडगार रिंकवर. आणि त्या घरात मी नव्हते.

मी आरडाओरडा केला नाही. मंदार घाबरला तो त्यामुळेच. मी रेवाला म्हटलं, बस इथे.

तपासलं. नीट, कामावर तपासते तसं. शब्द सांगितले, तिने परत म्हणून दाखवले. महिने उलटे म्हणायला लावले. एका पायावर उभं केलं, डोळे बघितले, मान बघितली. मळमळ नाही, डोकं दुखत नाही, सगळं धडधाकट. मध्येच माझ्याकडे बघून हसली, लहानपणी लपाछपीत सापडल्यावर हसायची तशी. उद्यासाठी जीव नुसता टांगणीला लागला होता तिचा.

आणि मी म्हटलं, ‘कन्कशन आहे.’

झालं. एवढंच केलं मी. मेंदूला मार बसलाय असं डॉक्टरने म्हटलं की त्यावर कुणी वाद घालत नाही. डोक्याच्या बाबतीत शंकासुद्धा पुरते. मला तर शंकाही नव्हती. मंदारने कोचला फोन लावला आणि मी त्याला माझ्या कामावरच्या आवाजात सांगितलं. तो बिचारा आभार मानत होता. रेवाला मी वर खोलीत पाठवलं, पडदे ओढले, फोन काढून घेतला. असं करावं लागतं म्हणून? छे. टीमशी तिचं बोलणं व्हायला नको होतं मला.

रविवारी सकाळी वेळ होता. मॅच दुपारी होती. चहाच्या वेळी जरी म्हटलं असतं की अगं, पुन्हा बघते, मला वाटतं ठीक आहेस, तरी पोचली असती. मंदार जिन्यात बसून होता, हातात गाडीची किल्ली, कशासाठी कोण जाणे. मी त्याला ओलांडून दोनदा वर गेले. दुसऱ्या वेळी रेवाने अंधारात माझा हात धरला आणि मराठीत बोलली. ती माझ्याशी मराठीत कधी बोलते?

‘सॉरी, आई. तू नसतीस तर मी आज खेळले असते.’

मी तिच्या कपाळावरून हात फिरवला. झोप म्हटलं.

टीम हरली. पण ते सोडा. आठवड्याभराने रेवाचं डोकं खरंच दुखायला लागलं. आईने, डॉक्टर असलेल्या आईने सांगितलंय म्हटल्यावर दुखणारच ना? मी पुन्हा तपासलं, आणि वेळ लागतो गं म्हणाले. तिचं खेळणं तिथेच संपलं. उजेड जास्त झाला की ती आजही खिशातून गोळी काढते. मंदारला तर वाटतं, पोरीच्या डोक्याशी आपणच खेळलो. तो आता साधी गाडी बदलायची तरी मला विचारतो. त्या दिवसापासून दोघांनी माझ्यापासून एक गोष्ट लपवलेली नाही. मला हवं होतं ते सगळं मिळालं.

राग होता, फसवलं होतं, हे सगळं खरं. पण राग त्या रात्रीपुरता होता. पुढची सगळी वर्षं मी काय करत होते? घाबरत होते. तिने माझ्याकडे परक्यासारखं बघू नये म्हणून मी तिला आजारी ठेवलं.

या नाताळात गावात बर्फाचं तात्पुरतं रिंक लावलं होतं. रेवाचं लग्न ठरलंय कीअनशी. आम्ही चौघं गेलो होतो. कीअनला धड उभंही राहता येत नव्हतं, कठड्याला धरून लटपटत होता, आणि रेवा बाहेर त्याचा कोट सांभाळत उभी. बर्फावरून तिची नजर हलत नव्हती. मग माझ्याकडे वळली. पंचवीस पार केलेली, नोकरी करणारी मुलगी. आणि तिने विचारलं की आई, अगदी सावकाश, कीअनचा हात धरून, एकच फेरी मारली तर चालेल का?

मंदारही माझ्याकडे बघत होता.

हो म्हटलं असतं तर काय झालं असतं? एक शब्द होता. पण आज चालेल म्हटलं की उद्या तिने विचारलं असतं, मग इतकी वर्षं का नाही?

मी म्हटलं, ‘कशाला उगाच?’

‘ग्रँड,’ ती म्हणाली, आणि कोट या हातातून त्या हातात घेतला.