पाटावरचा तापमापक

मुळशी धरणाकाठच्या आमच्या पंपघरात पहिला तापमापक बसला, तेव्हा मी तिथे हंगामी ऑपरेटर होतो. त्याचा धातूचा फुगा बेअरिंगमध्ये खोचलेला आणि तिथून तांब्याची बारीक नळी भिंतीवरच्या डायलपर्यंत नेलेली. बेअरिंग तापलं की काटा तांबड्या रेघेकडे सरके. तोवर आम्ही हात लावून अंदाज घ्यायचो. पण माझ्या हाताचं साहेब कधी मानत नसत. काट्याचं मानावं लागेल, या कल्पनेनेच मी खूश होतो.

साहेब म्हणजे आमचे इंजिनियर. यंत्रापेक्षा यंत्राच्या उद्घाटनात त्यांना जास्त रस. खंडेनवमीला त्यांनी पुण्याहून एक बडे पाहुणे बोलावले. नवी वस्तू पूजेत हवीच, म्हणून फुगा नळीसकट बेअरिंगमधून उपसून पाटावर मांडला. हळद, कुंकू, वर झेंडू. डायल भिंतीवरच राहिली. नारळ फुटला, पाहुण्यांनी बटण दाबलं, पंप सुरू झाला आणि भाषणही.

"काटा पाहा, जागचा हलत नाही!" पाहुणे म्हणाले. "याला म्हणतात आधुनिक यंत्र."

काटा झेंडूचं तापमान दाखवत होता.

ते बेअरिंग बरेच दिवस कुरकुरत होतं. साहेबांचं उत्तर ठरलेलं: पूजा होऊ द्या, मग पाहू. आता तेल करपल्याचा वास आला. बेअरिंगला हात लावला आणि झटकन मागे घेतला. पंप थांबवला तर समारंभाचा विचका होणार. आणि मला नोकरीत कायम करण्याच्या कागदावर साहेबांची सही व्हायची होती. न थांबवला तर बेअरिंगमध्ये फिरणारा पंपाचा शाफ्टच जाणार.

मी पाटाकडे वळलो.

"आवं दादा, हात नगा लावू, पूजा मांडलीया," पंपघरातला मदतनीस, आमचा म्हातारा खलाशी कुजबुजला.

"देवाला तापमापक कशाला?"

"त्ये सायबाला इचारा," असं म्हणत झेंडू त्यानेच बाजूला केला.

फुगा जागेवर खोचला. काटा हलला, चढला, तांबडी रेघ ओलांडून गेला. मी खटका पाडला. पंपाच्या आवाजात बरं वाटणारं भाषण एकदम उघडं पडलं. पाहुणे आपसूकच थांबले.

साहेबांनी मला कोपऱ्यात ओढलं. "पंप सुरू करा आणि पाहुण्यांची माफी मागा. देवापुढची वस्तू उचललीत!"

"ती बेअरिंगची होती, साहेब. देवाने मागितली नव्हती."

"नोकरी हवी आहे ना?"

"हवी आहे. पंपही हवा आहे."

मी फ्यूज काढले आणि खिशात घातले. पाहुण्यांना चहाकडे वळवण्यात आलं.

दुपारी बेअरिंग उघडलं. आतला धातू एका बाजूने पार वितळून पुसला गेला होता. शाफ्ट वाचला होता. साहेबांनी वाकून नीट पाहिलं. मग म्हणाले, "ते ठीक आहे. पण माफीशिवाय सही नाही."

"मग सही राहू द्या."

राहिली. दिवाळी झाल्यावर मी कॉलनीतली खोली रिकामी केली. ट्रंक उचलत असताना साहेब दारात आले. अजून वेळ गेली नाही, एक शब्द बोला, म्हणाले.

मी विचारलं, "नवं बेअरिंग मागवलंत का?"