शेळीच्या सिनेमाची दुसरी तबकडी

मुरुम गावात एका घराच्या ओसरीवर एकेकट्या चपला मांडलेल्या असतात. जोड नाही, एकेकच. प्रत्येकीला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, इथं कुणी मांत्रिक बसतो आणि आता ह्याच्याविरुद्ध पण मोर्चा काढावा लागणार. आत गेलो तर निघाला मोटार वायंडिंगवाला.

शंभुलिंगअप्पा. वय पन्नाशीच्या अलीकडं, कपाळावर विभूती, बोटांना वार्निशचा वास. आसपासच्या गावांत विहिरीतली मोटार जळली की लोक ती पोत्यात घालून अप्पांकडं आणतात. अप्पा जळकी तार उपसून काढतात आणि नवी भरतात, वेढे मोजत. मोजताना कुणी बोललं तर उत्तर मिळत नाही. कलेक्टर आला तरी मिळायचं नाही.

ह्या माणसाला एक नाद आहे. चित्रांच्या सिनेमांच्या डीव्हीडी, आणि त्याही साध्या नाहीत, खास आवृत्तीच्या. पत्र्याच्या डब्यातल्या, जाड पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या, आत चित्रांची पुस्तिका आणि दोन-दोन तबकड्या असलेल्या. असे एकशे अठरा संच त्यांच्याकडं आहेत. ते ठेवलेत उमाबाईंच्या रुखवतातल्या काचेच्या कपाटात. उमाबाई म्हणजे अप्पांच्या मंडळी. त्यांची स्टीलची भांडी बारा वर्षांपासून पलंगाखाली आहेत आणि हे त्या येईल त्या पाहुण्याला सांगतात.

गावातली पोरं चिडवतात, "अप्पा, मिशा पिकल्या, आन् कार्टून बघताव व्हय?"

अप्पा मान वर न करता म्हणतात, "तू मोबाईलवर काय बघतो, सांगू का तुज्या बापाला?"

पोरगं गायब.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. हेच पुण्यात कुणी केलं असतं तर त्याला अभ्यासक म्हणाले असते, शाल घातली असती. मुरुमात केलं की येडं. असू द्या.

नाद लागला कसा, तेही ऐका. अप्पा सोलापूरला तांब्याची तार आणायला गेले होते. परतीला एका दुकानासमोर खोकी मांडलेली. दुकान बंद होणार होतं, माल उठवायचा होता. त्यात एक पत्र्याचा डबा अप्पांना आवडला. मजबूत, झाकण घट्ट, आत कप्पे. स्क्रू आणि वायसर ठेवायला एक नंबर. म्हणून घेतला. घरी येऊन उघडला तर आत दोन तबकड्या. फेकण्याआधी बघू तरी, म्हणून त्यांनी वरची लावली.

ती होती दुसरी तबकडी. सिनेमा पहिलीत होता, दुसरीत तो बनवला कसा ते होतं. पडद्यावर एक परदेशी म्हातारी पेन्सिलीनं शेळी काढत होती. एक काढली, कागद उलटला, दुसरी काढली. मग म्हातारीनं कागदांची चळत अंगठ्यानं फर्रकन सोडली आणि शेळी समुद्रकाठच्या दिव्याच्या मनोऱ्यावरून खडकावर उडी मारून गेली. एका सेकंदाला चोवीस चित्रं. अप्पा पुढं सरकून बसले. इंग्रजी कळत नव्हतं, पण हे काम कळलं. हे तर वेढेच होते! मोटारीत एक वेढा कमी भरला तर मोटार जळते, इथं एक चित्र कमी पडलं तर शेळी अडखळते.

"ती बाई माज्याच धंद्यातली हाय," असं अप्पा मला म्हणाले होते, अगदी गंभीरपणे. स्क्रू आजही प्लॅस्टिकच्या बरणीत आहेत.

आता चपलांचं. सुरुवातीला अप्पा कुणालाही डबे बघायला द्यायचे. मग एक गुरुजी दोन संच घेऊन गेले आणि बदली करून घेतली, ते गेलेच. तेव्हापासून नियम: ज्याला तबकडी पाहिजे त्यानं एका पायातली चप्पल ठेवायची. अनामत पैसे ठेवले की माणूस विसरून जातो. एक पाय अनवाणी घेऊन घरी गेला की नाही विसरत. जुनी फाटकी पिशवीतून आणलेली चालत नाही, पायातलीच पाहिजे. एका मंडळ अधिकाऱ्याचा डावा बूट सहा दिवस त्या ओसरीवर होता. नियम म्हणजे नियम. हा माणूस मला आवडला तो इथं.

गेल्या हिवाळ्यात धाराशिवला संग्राहकांचा मेळावा ठरला. जुनी नाणी, तिकिटं, काडीपेट्या, अडकित्ते. मीच अप्पांच्या मागं लागलो की अर्ज करा. मेळाव्याचे प्रमुख भागवतराव, कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले, स्वतः टपाल तिकिटं जमवणारे. फोनवर आधी हसले. "कार्टून? अहो, हा मोठ्यांचा मेळावा आहे." मग म्हणाले, बरं, एक टेबल देतो, पण आमच्याकडे अपुरी वस्तू मांडत नाहीत. अप्पांनी अर्जावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'सर्व संच पूर्ण आहेत.' खाली सही. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांचे डबे गावाबाहेर मांडले जाणार होते.

मेळावा रविवारी. गुरुवारी सांजेला अप्पा डबे पुसायला बसले. शेळीचा डबा सगळ्यात पुढं मांडायचा होता, म्हणून तो आधी उघडला. आत एकच तबकडी. पहिली.

ओसरीवर तीन चपला होत्या. तिन्ही चिठ्ठ्या वाचल्या. शेळी कुणाच्याच नावावर नव्हती. म्हणजे चप्पल न ठेवता तबकडी गेली होती, आणि असं घरात एकच माणूस करू शकत होतं.

"उमा!"

"वरडू नका. भाऊबीजंला बसवेश आलता. त्याच्या लेकराला बघायची होती. वरची दिली काढून."

"आन् चप्पल?"

"चप्पल?" उमाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "भाऊ भाऊबीजंला दारात आलाय, त्याला ओवाळू, का त्याची चप्पल काढून घेऊ?"

अप्पांनी फोन काढला. बसवेशचा फोन लागत नव्हता. उमाबाई म्हणाल्या, "उद्या येळवस हाय. जायचंच हाय त्याच्या रानात. तवा घ्या."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गावं ओस पडतात आणि रानं भरतात. ज्याला रान नाही त्याला दहा जण बोलावतात, म्हणून मीही होतो. बसवेशनं कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, घातली होती, आत पूजेला पाच दगडांचे पांडव मांडले होते, माठात आंबील, पातेलंभर भज्जी म्हणजे सगळ्या शेंगभाज्यांची मिसळ, बाजरीचे वाफवलेले उंडे. बसवेश तिशीतला, हसरा गडी. दाजींना बघून पाया पडला.

"तबकडी कुठाय?" अप्पांनी आशीर्वादाच्या जागी विचारलं.

"कंची? ती व्हय! दाजी, ती खराब निघाली. शिनमाच न्हवता तिच्यात. एक म्हातारी नुसती पेन्सलीनं रेघा वडतीया. लेकरू रडाय लागलं."

"मग?"

"मग काय, रिकामीच हाय म्हणून बांधली की रानात. भोरड्या लई झाल्यात औंदा." आणि त्यानं अभिमानानं हात केला.

छातीएवढी ज्वारी, कणसं दुधात आलेली, आणि वर बांबूंना दोरे बांधून लटकवलेल्या तबकड्या. चाळीस तरी असतील. वाऱ्यानं फिरत होत्या, उन्हात लखलख करत होत्या. भोरड्यांचा थवा यायचा, चमक बघून वळायचा. म्हटलं तर दृश्य सुंदर होतं. अप्पांचा चेहरा मात्र स्वतः भरलेली मोटार जळून परत आल्यासारखा.

ते जेवले नाहीत. धोतर खोचून ज्वारीत शिरले. मागं मी, मागं बसवेश. प्रत्येक तबकडी धरायची, उलटायची, सोडायची. एक भजनाची. एक संगणकाच्या क्लासची. एक कुणाच्या तरी लग्नाची, तिच्यावर अजून 'शुभविवाह' वाचता येत होतं.

"ही पलीकडच्या आळीतल्या कोंडीरामाच्या लग्नाची," बसवेश म्हणाला. "नवराबायको घरात एकमेकाला हाकलत्यात, हितं दोघं मिळून भोरड्या हाकलत्यात."

कोपीतून बायका ओरडत होत्या, "दाजी, शेळी घावली का? का चरत चरत लांब गेली?"

"शेळीच्या मागं बोकड गेलाय जोंधळ्यात!" दुसरी म्हणाली, आणि सगळं रान हसलं. अप्पा सोडून.

बांधाजवळच्या शेवटच्या ओळीत घावली. वरचं चित्र उन्हानं फिकं झालेलं, शेळीची शिंगं तेवढी शिल्लक. खालच्या बाजूला ज्वारीच्या पानांनी ओरखडे काढलेले. अप्पांनी दोरा तोडला नाही, बांबूची गाठ सोडली. तबकडी उपरण्यात गुंडाळली. परत कोपीपाशी आले, सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बसवेश, चप्पल काढ."

हसणं थांबलं. उमाबाईंनी हातातलं उलथनं खाली ठेवलं. "अवो, येळवसंच्या दिवशी?"

"उजवी," अप्पा म्हणाले. "ज्या दिवशी ही तबकडी चालंल, त्या दिवशी परत."

बसवेशनं एकदा बहिणीकडं बघितलं, एकदा ज्वारीच्या रानाकडं, आणि चप्पल काढून दिली. नवी होती, दिवाळीची. मग दिवसभर तो धसकटं चुकवत एका पायावर नाचत आंबील वाढत होता. अप्पा मग पोटभर जेवले.

शनिवारी दुकान बंद ठेवून अप्पा बसले. दात घासायची पेस्ट, मऊ फडकं, मधून बाहेर सरळ हात, गोल नाही. तासानं धुतली, लावली. अडकली. परत घासली. दुपारपर्यंत म्हातारी दिसायला लागली. पेन्सिल चालली, कागद उलटले. पण शेळी उडी मारायला वाकली की चित्र थांबायचं, थरथरायचं. पाच वेळा घासून तिथंच.

"राहू द्या, दुसरा डबा पुढं मांडा," मी म्हणालो.

"सर्व संच पूर्ण आहेत असं लिहून दिलंय म्या."

"मग हा घरी ठेवा. कुणाला कळणार?"

अप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की मला माझ्या सगळ्या मोर्च्यांची लाज वाटली.

रविवारी पहाटेच्या एसटीनं निघालो. अप्पा, मी, दोन खोकी, एक जुना टीव्ही, डीव्हीडीचं यंत्र, आणि न बोलावता आलेला बसवेश. डाव्या पायात चप्पल, उजव्यात लेकराची पिवळी स्लीपर, टाच बाहेर.

मेळाव्यात भागवतराव टेबलं तपासत फिरत होते. अप्पांच्या टेबलाशी आले, शेळीचा डबा उघडला. लपवाछपवी नको म्हणून अप्पांनी तबकडीच्या भोकात बांबूचा दोरा परत ओवून ठेवलेला. "हे काय?"

"कणसं आल्यापास्नं रानात हुती साहेब. पाखरं राखत हुती."

"चालते?"

"एका जागी अडकती."

"मग हा संच पूर्ण कसा? सही केलीत तुम्ही." नाझर तो नाझर. "काढा हा डबा."

माझं डोकं सटकलं होतं, पण अप्पांनी मला हातानं मागं सारलं. "साहेब, एकदा बघा. मग तुमी म्हणताव तसं." आणि दोरा सोडून तबकडी लावली.

म्हातारीनं कागदांची चळत धरली. शेळी वाकली. आणि चित्र थांबलं. थरथरलं. एक चित्र पुढं गेलं, थांबलं. अजून एक. शेळीचे पुढचे पाय मनोऱ्यावरून बोटभर उचलले, थांबले. ओरखड्यांमधून यंत्र एकेक चित्र ओढून काढत होतं, जणू विहिरीतून बादली. काडीपेट्यांच्या टेबलावरची एक आजी, सीताबाई म्हणून, उठून आली.

"आगं बाई, अडकली व्हय शेळी?"

"अडकली न्हाय मावशी. तीन झाली, पुढं मोजा तुमी," अप्पा म्हणाले. "चोवीस हाईत. एक सेकंद."

आजी मोजायला लागल्या. मग शेजारचा नाणीवाला. मग अडकित्तेवाला. "सात... आठ..." कान मागं गेले. "तेरा..." पोट ताणलं. यंत्र दमलं की सगळे थांबायचे, हललं की ओरडायचे. वीसपर्यंत टेबलाभोवती जागा उरली नव्हती. भागवतराव चष्मा कपाळावर सारून पुढं वाकले होते. "बावीस... तेवीस..." एवढा उशीर लागला की मला वाटलं, संपलं. मग शेळीनं खडकावर पाय टेकले आणि अख्ख्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. एका सेकंदाच्या उडीला साडेतीन मिनिटं.

अप्पा टाळ्या वाजवत नव्हते. ते ओठातल्या ओठात मोजत होते. म्हणाले, "एक बी कमी न्हाय."

भागवतरावांनी खिशातून अर्ज काढला, 'सर्व संच पूर्ण आहेत' ह्या ओळीवर बोट ठेवलं, आणि अर्ज परत खिशात घातला. "डबा पुढंच राहू द्या," म्हणाले. "आणि ते... परत एकदा लावा. मी दहापासून मोजलं."

गर्दीतून वाट काढत बसवेश पुढं आला. पिवळी स्लीपर हातात.

"दाजी, चालली की तबकडी! माजी चप्पल?"

अप्पांनी टेबलाखालच्या पिशवीत हात घातला. चप्पल आणली होती तर! चिठ्ठीसकट. बाहेर काढली, धूळ झटकली, आणि क्षणभर विचार करून परत पिशवीत टाकली.

"चालली कुठं? अडखळत आली. आधी तुझ्या लेकराला घिऊन ये घरी. तेला चोवीस मोजून दाखवीन, मग चप्पल दीन."